चांदी आणि जस्ताचं जंतुरोधक ग्लेझ: पेटंट द्यावं, की ‘हे कुणाही जाणकाराला सुचलं असतं’ म्हणून नाकारावं?

काचेरी (धागालेखक)

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक दावा, म्हणजे पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारं वाक्य, समोर ठेवतो (ग्लेझ म्हणजे मातीच्या भांड्यावर भाजून चढवलेला काचेचा थर, सॅनिटरीवेअर म्हणजे बेसिन, शौचालयाची भांडी वगैरे):

“सॅनिटरीवेअरसाठीचं ग्लेझ, ज्यात भाजणीआधीच्या कोरड्या वजनावर ०.५ ते ५ टक्के चांदीचं संयुग आणि १ ते १० टक्के झिंक ऑक्साइड आहे, जे ११८० ते १२४० अंश सेल्सिअसला भाजलं जातं आणि भाजल्यावर ज्याचा पृष्ठभाग जंतुरोधक असतो.”

परीक्षकापुढे दोन जुने दस्तऐवज आहेत असं समजू. पहिल्यात १ टक्का सिल्व्हर कार्बोनेट घातलेलं ग्लेझ आहे, जंतुरोधक म्हणून. दुसऱ्यात भरपूर झिंक ऑक्साइडचं ग्लेझ, तेही जंतुरोधक म्हणूनच. दोन्ही घटक जंतूंसाठी एकत्र वापरल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. कायदा अमेरिकेचा धरू, कारण या प्रश्नावर तिथले निकाल भरपूर आहेत.

माझं मत स्पष्ट आहे: नाकारावा. १९५२च्या कायद्याचं कलम १०३ विचारतं की त्या क्षेत्रातल्या साधारण जाणकाराला हा फरक सहज सुचण्यासारखा होता का. ते कसं तपासायचं हे १९६६च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअरने सांगितलं: जुनं ज्ञान काय होतं, दाव्यात वेगळं काय आहे, जाणकाराची पातळी काय, आणि मग बाजारातलं यश, दीर्घकाळची गरज, इतरांचं अपयश असे बाहेरचे पुरावे. २००७च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्सने पुढे स्पष्ट केलं की ‘हे दोन एकत्र करा’ असं जुन्या कागदात शब्दशः लिहिलेलं असण्याची गरज नाही. ओळखीचे घटक ओळखीच्या पद्धतीने जोडले आणि अपेक्षित तेच घडलं, तर तो शोध नव्हे.

चांदी जंतू मारते, जस्त मारतं. दोन्ही एकत्र घातले. यात शोध कुठे आहे?

भट्टीघर

पूर्ण असहमत. “चांदी जंतू मारते” हे पाण्यातल्या चांदीच्या आयनांबद्दल खरं आहे. १२०० अंशांतून बाहेर आलेल्या काचेतल्या चांदीबद्दल ते आपोआप खरं होत नाही.

एक टक्का सिल्व्हर कार्बोनेट म्हणजे १ किलो कोरड्या ग्लेझमागे १० ग्रॅम, आणि त्यात चांदी साधारण ७.८ ग्रॅम. हे कार्बोनेट २०० अंशांपासूनच फुटायला लागतं. आधी ऑक्साइड, मग धातू. ग्लेझ अजून भुकटीच असताना चांदी धातूच्या कणांत गेलेली असते. ९६२ अंशांना ती वितळते. तोवर ग्लेझ पुरतं वितळून बंद झालं नसेल तर चांदीला वर वाफेची वाट मोकळी. शुद्ध चांदीचा बाष्पदाब १०१० अंशांना सुमारे १ पास्कल, ११४० ला सुमारे १०, १३०० च्या आसपास १००. सॅनिटरीवेअरची भट्टी तासन्‌तास या पट्ट्यात असते आणि आत हवा खेळती असते. किती चांदी उरेल हे थराची जाडी, ग्लेझ कोणत्या तापमानाला मिटतं, आणि वरच्या तापमानाला किती वेळ थांबतो यावर ठरतं. रेसिपीतल्या टक्क्यावर नाही.

जी उरते तिचंही दोन प्रकारे होतं. आयन म्हणून काचेच्या जाळ्यात विरघळली तर हळूहळू बाहेर येऊ शकते, म्हणजे उपयोगी. कण म्हणून साचली तर ४०० ते ४२० नॅनोमीटरचा प्रकाश शोषून ग्लेझ पिवळं पडतं. चौदाव्या शतकापासून चर्चच्या खिडक्यांच्या काचेला पिवळा रंग याच गुणाने दिला जातो. खिडकीला तो शोभतो, पांढऱ्या बेसिनला तो नाकारलेला माल आहे. वर त्या कणांतून आयन फार कमी सुटतात. ग्लेझमध्ये कथिल असलं तर ते चांदीचं क्षपण करून, म्हणजे आयनांचा पुन्हा धातू करून, परिस्थिती आणखी बिघडवतं.

घोळ बनवतानाच्या चुका वेगळ्याच. सिल्व्हर नायट्रेट पाण्यात विरघळतं, त्यामुळे फवारल्यावर पाण्याबरोबर सच्छिद्र भांड्यात शोषलं जातं किंवा सुकताना कडांकडे ओढलं जातं. मधल्या भागात चांदी कमी, कडेला जास्त. म्हणून न विरघळणारं रूप घ्यावं लागतं: कार्बोनेट, फॉस्फेट किंवा झिर्कोनियम फॉस्फेटवर बसवलेली चांदी. पाण्यात क्लोराइड असेल तर नायट्रेटचं तिथेच सिल्व्हर क्लोराइड होऊन गुठळ्या पडतात.

जस्ताचंही तसंच. झिंक ऑक्साइड ग्लेझमध्ये मुळात द्रावक म्हणून घालतात, ते काच वितळायला मदत करतं. एकदा काचेत गेलं की जस्त जाळ्यात घट्ट बसतं आणि सहजी सुटत नाही. भट्टीत क्षपणाचं, म्हणजे ऑक्सिजन कमी असलेलं, वातावरण झालं तर त्याचा धातू होतो आणि ९०७ अंशांना उकळून निघून जातो. न भाजलेलं झिंक ऑक्साइड जास्त घातलं तर थर सुकताना आकसतो, भेगा पडतात आणि भाजणीत ग्लेझ गोळा होऊन उघडी माती दिसते. म्हणून कॅल्साइन केलेलं, म्हणजे आधीच भाजून घेतलेलं, वापरतात.

आता सांगा, यात ‘अपेक्षित तेच घडलं’ कुठे बसतं?

कलम१०३

दोघांचेही मुद्दे मोलाचे आहेत, पण दोघेही दाव्याच्या शब्दांपासून दूर गेलात. भट्टीघर यांनी सांगितलेल्या अडचणींपैकी एकीचंही उत्तर दाव्यात लिहिलेलं नाही. जाडी नाही, चांदीचं रूप नाही, थांबा नाही, वातावरण नाही. पेटंट दाव्याला मिळतं, त्यामागच्या कष्टांना नाही.

आधी काचेरी यांच्या बाजूचा सर्वात भक्कम आधार, जो त्यांनी घेतलाच नाही: १९८०चा इन री कर्कहोवेन (‘इन री’ म्हणजे ‘च्या प्रकरणी’). एकाच कामासाठी ओळखीच्या दोन गोष्टी त्याच कामासाठी एकत्र केल्या, तर एकत्र करण्याचं कारण त्या दोन्हींच्या ओळखीतूनच मिळतं. तिथे प्रश्न डिटर्जंटच्या भुकट्यांचा होता. इथे दोन्ही दस्तऐवज ‘जंतुरोधक ग्लेझ’ म्हणतात, म्हणजे नियम लागू पडतो. निदान प्रथमदर्शनी तरी दावा सहज सुचण्यासारखा ठरतो आणि उलट पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदारावर येते.

त्याहून गंभीर धोका वेगळाच आहे. पहिल्या दस्तऐवजातलं मूळ ग्लेझ काय आहे ते वाचा. सॅनिटरीवेअरच्या ग्लेझमध्ये फेल्डस्पार, क्वार्ट्झ, कॅल्शियम कार्बोनेट, केओलिन, पांढरेपणासाठी झिर्कॉन असतं, आणि द्रावक म्हणून थोडं झिंक ऑक्साइडही अनेकदा असतंच. समजा पहिल्या दस्तऐवजाच्या मूळ ग्लेझमध्ये २ टक्के आहे. मग ‘१ टक्का चांदीचं संयुग अधिक २ टक्के झिंक ऑक्साइड’ हे त्यात आधीच बसलं. दोन दस्तऐवज जोडायचीही गरज नाही. भाजणीचं तापमानही जुळलं तर दावा नवीनच उरत नाही, आणि कलम १०३ पर्यंत पोहोचण्याआधीच नवेपणाच्या कलम १०२ खाली पडतो. तिथे जस्त द्रावक म्हणून घातलं होतं, जंतूंसाठी नव्हे, हे म्हणून सुटका नाही. मिश्रणाच्या दाव्यात हेतूला वजन नसतं.

यावर १९८५चा टायटॅनियम मेटल्स विरुद्ध बॅनर जरूर पाहावा. टायटॅनियम, मॉलिब्डेनम आणि निकेलच्या मिश्रधातूचा दावा होता, तापलेल्या खाऱ्या पाण्यात गंजत नाही हा त्याचा गुण. एका रशियन लेखातल्या आलेखावर ०.२५ टक्के मॉलिब्डेनम आणि ०.७५ टक्के निकेलचा एक बिंदू होता. गंजाचा उल्लेखही नव्हता. तरी दावा गेला. जुन्या वस्तूचा नवा गुण सापडला म्हणून वस्तू नवी होत नाही. शिसं टाळण्यासाठी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात आलेलं ब्रिस्टल ग्लेझ जस्तावरच उभं आहे. ते आज जंतुरोधक आहे असं कुणी मोजून दाखवलं, तरी ब्रिस्टल ग्लेझवर कुणाला पेटंट मिळणार नाही.

तापमानाबद्दलही सावध राहा. वस्तूच्या दाव्यात प्रक्रिया लिहिली तरी तुलना वस्तूशीच होते, १९८५चा इन री थॉर्प तेच सांगतो. ११८० अंशांना भाजलेलं आणि ११५० ला भाजलेलं ग्लेझ शेवटी रचनेने सारखंच असेल, तर तापमानाचा आकडा दाव्याला वाचवणार नाही.

एक गोष्ट या धाग्यात यायलाच हवी. ‘साधारण जाणकार’ ही कसोटी अमेरिकेत ज्या खटल्यातून सुरू झाली, तो १८५१चा हॉचकिस विरुद्ध ग्रीनवूड, चिनी मातीचाच होता. दाराच्या मुठी धातू किंवा लाकडाऐवजी माती किंवा पोर्सिलेनच्या केल्या होत्या. न्यायालय म्हणालं, साहित्य बदलणं हे कुशल कारागिराचं काम आहे, शोधकाचं नाही.

भट्टीघर

दाव्याचे शब्द ढिले आहेत हे मान्य. पण कर्कहोवेन इतक्या सहज लावू नका. डिटर्जंटच्या दोन भुकट्या मिसळल्या तर दोन्ही भुकट्याच राहतात. ग्लेझमध्ये घातलेली वस्तू आणि भाजून निघालेली वस्तू एक नसते. दुसऱ्या दस्तऐवजात जस्ताने जंतू मारले असतील तर बहुधा ते जस्त काचेत विरघळलं नव्हतं, विलेमाइटचे, म्हणजे झिंक सिलिकेटचे स्फटिक म्हणून पृष्ठभागावर होतं. असे स्फटिक मुबलक मिळवायचे तर झिंक ऑक्साइड २५ टक्क्यांच्या आसपास, ॲल्युमिना जवळजवळ शून्य, आणि शिखर तापमानानंतर १००० ते ११०० अंशांत कितीतरी वेळ थांबा लागतो. सॅनिटरीवेअरच्या ग्लेझमध्ये केओलिन आणि फेल्डस्पारमधून भरपूर ॲल्युमिना येतं. काच घट्ट होते, स्फटिक वाढत नाहीत. दुसऱ्या दस्तऐवजाचा परिणाम पहिल्याच्या ग्लेझमध्ये आपोआप येणार नाही, हीच तर अनपेक्षितता.

शिवाय विलेमाइटचा पृष्ठभाग आम्लाला कच्चा. शौचालयाची भांडी आम्लाच्या क्लीनरने धुतात. जाणकार तिकडे वळण्याऐवजी त्यापासून लांब राहील. याला ‘विरुद्ध शिकवण’ म्हणतात ना?

कलम१०३

नेमका मुद्दा काढलात, पण तो पुरेसा नाही. १९९४चा इन री गर्ली सांगतो की एखादा पर्याय दुय्यम किंवा तोट्याचा आहे असं माहीत असणं म्हणजे विरुद्ध शिकवण नव्हे. ‘हे करू नका, चालणार नाही’ अशा अर्थाचं काही हवं. १९६६च्या अ‍ॅडम्स खटल्यात मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइडची पाण्याने चालू होणारी बॅटरी टिकली, कारण घटक जुने असले तरी ती चालेल यावर तज्ज्ञांचा विश्वासच नव्हता. आम्लाने चमक जाते म्हणून लोक विलेमाइट टाळतात, ही किंमत-गुणाची तडजोड झाली.

स्फटिकांचा मुद्दा मात्र वजनदार आहे. जुळवून उत्तम आकडा शोधणं हा शोध नव्हे, असं १९५५चा इन री ॲलर म्हणतो. पण १९७७च्या इन री अँटोनीने त्याला अट घातली: तो आकडा परिणामावर प्रभाव टाकतो हे आधी ओळखलेलं असायला हवं. जंतुरोधासाठी थंड होण्याचा वेग महत्त्वाचा आहे हे कोणत्याच जुन्या कागदात नसेल, तर ‘नेहमीचे प्रयोग करून सापडला असता’ असं परीक्षकाला म्हणता येणार नाही. आता अर्जदाराने तो वेग दाव्यात लिहायला हवा.

पेट्रीडिश

सगळा वाद ‘अनपेक्षित परिणाम’ या दोन शब्दांवर येऊन थांबला आहे आणि अजून कुणी परिणाम कसा मोजतात ते बोललेलं नाही. अर्जदार पुरावा म्हणून देतो त्या प्रतिज्ञापत्रातले आकडे बहुतेक वेळा इथेच कोसळतात, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रचलित चाचणी आयएसओ २२१९६, जी जपानी जेआयएस झेड २८०१ वरून आली. ५० बाय ५० मिलिमीटरचा तुकडा, त्यावर ०.४ मिलिलिटर जंतूंचं द्रावण, वर ४० बाय ४० ची पातळ फिल्म. ३५ अंश, ९० टक्के किंवा जास्त आर्द्रता, २४ तास. मग १० मिलिलिटर द्रवात धुऊन जिवंत जंतू मोजायचे. साध्या तुकड्यावरच्या संख्येचा लॉगरिदम वजा प्रक्रिया केलेल्यावरचा, तो झाला आर. दोन म्हणजे ९९ टक्के घट.

०.४ मिलिलिटर १६ चौरस सेंटिमीटरवर पसरलं की थर फक्त पाव मिलिमीटर जाड. इतक्या थोड्या पाण्यात ग्लेझमधून किंचित सोडियम सुटला तरी पीएच वर जाऊ शकतो आणि जंतू अल्कलीने मरतात, चांदीने नव्हे. अल्कली जास्त असलेल्या फ्रिटने, म्हणजे ग्लेझसाठी आधीच वितळवून दळलेल्या काचेने, हे सहज होतं. म्हणून तुलनेचा साधा तुकडा म्हणजे कुठलीतरी बाजारातली टाइल चालणार नाही. तेच ग्लेझ, तीच भट्टी, भट्टीत माल नेणारी तीच गाडी, तीच जागा, फक्त चांदी वगळून. आणि २४ तासांनंतर त्या थराचा पीएच मोजून कागदावर असायला हवा.

दुसरी चूक निष्प्रभावकाची, म्हणजे चाचणी संपताच चांदीचं काम थांबवणाऱ्या रसायनाची. धुताना चांदी थांबवली नाही तर ती डिशमध्येही जंतू मारत राहते आणि आर फुगतो. लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट घातलेला नेहमीचा द्रव क्वाटर्नरी अमोनियम या जंतुनाशकांसाठी उत्तम आहे, पण चांदीसाठी थायोसल्फेट किंवा थायोग्लायकोलेट लागतं. ते वापरलं का, आणि चालतं याची वेगळी तपासणी केली का, हे मी अहवालात सर्वात आधी शोधेन.

आता कर्कहोवेनचं उत्तर द्यायचं असेल तर चार ग्लेझ हवीत: रिकामं, फक्त चांदी, फक्त जस्त, दोन्ही. पण चांदीच इतकी घातली की एकटीनेच सगळे जंतू मेले, तर जस्ताने काय भर घातली ते दिसणारच नाही. मोजण्याची खालची सीमा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६३, म्हणजे १० मिलिलिटरपैकी १ मिलिलिटर लावून एक वसाहत दिसली, भागिले १६. साध्या तुकड्यावर २४ तासांनंतर समजा दर चौरस सेंटिमीटरला लाखभर जंतू असतील, तर आर ५.२ च्या वर जाऊच शकत नाही. ‘फक्त चांदी’ ५.२ आणि ‘दोन्ही’ ५.२, यातून एकत्रित परिणामाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. चांदी उतरवत न्यायला हवी: १ टक्का, ०.५, ०.२, ०.१. जिथे एकटी चांदी आर १ च्या आसपास येते, एकटं जस्त ०.३ देतं आणि दोन्ही मिळून ३.५, तिथे बोलण्यासारखं काही आहे. २.१ विरुद्ध २.४ हा फरक नाही. जंतुमोजणीत एवढी हालचाल त्याच तुकड्याच्या दोन फेऱ्यांतही होते.

भट्टीत जागोजागी चांदीची वाफ वेगळी उडते, त्यामुळे एकाच भाजणीतले तीन तुकडे हे तीन पुरावे नव्हेत. वेगवेगळ्या तीन भाजण्या हव्यात. वाफ झालेली चांदी शेजारच्या ‘रिकाम्या’ तुकड्यावर बसू शकते, म्हणून तो तुकडा वेगळ्या फेरीत भाजायचा, भट्टीत त्याच जागी ठेवून.

नवी_वाचक

धागा फार छान चालला आहे. एक शंका: टायटॅनियम डायऑक्साइडची स्वतःच स्वच्छ होणारी टाइल असते, तर हे सगळं चांदी-जस्ताचं कशाला? आणि त्या टाइलचा दस्तऐवज या दाव्याविरुद्ध चालेल का?

भट्टीघर

टायटॅनियाचं काम वेगळं. जंतू मारणारं रूप प्रामुख्याने ॲनाटेज, आणि त्याला ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो. अंधाऱ्या बाथरूममध्ये ते फारसं काही करत नाही. शिवाय ग्लेझबरोबर १२०० ला भाजलं तर ॲनाटेजचं रूटाइल होतं. म्हणून आधी भांडं भाजून मग वर थर देऊन कमी तापमानाला दुसरी भाजणी करतात. त्याची चाचणीही वेगळी, आयएसओ २७४४७, प्रकाशात करायची. दस्तऐवज म्हणून त्याला चांदी-जस्ताच्या रेसिपीशी जोडायला कारण लागेल, आणि ते मला दिसत नाही.

काचेरी

पेट्रीडिश, प्रतिसाद जपून ठेवला आहे. भट्टीघर, तुमच्या पहिल्या प्रतिसादानंतर मी इतकं मागे घेतो: ‘अपेक्षित तेच घडलं’ हे मी तपासल्याशिवाय गृहीत धरलं होतं.

पण मूळ विरोध कायम आहे, आता तो पट्ट्याच्या रुंदीवर. ‘०.५ ते ५ टक्के चांदीचं संयुग’ हे पुन्हा वाचा. झिर्कोनियम फॉस्फेटवर ३ टक्के चांदी बसवलेला वाहक ०.५ टक्के घातला तर ग्लेझमध्ये ०.०१५ टक्के चांदी. सिल्व्हर कार्बोनेट ५ टक्के घातलं तर ३.९ टक्के. एकाच दाव्यात २६० पट फरक! पेट्रीडिश म्हणतात तसा एकत्रित परिणाम ०.२ टक्के चांदीला दिसला, तर ३.९ टक्क्यांसाठी तो पुरावा कसा होईल? २००३चा इन री पीटरसन नेमका याच कारणाने पडला. निकेलच्या मिश्रधातूत १ ते ३ टक्के ऱ्हेनियमचा दावा, आणि चांगला परिणाम दाखवला तो २ टक्क्यांना. सबंध पट्ट्यासाठी पुरावा नाही, म्हणून दावा नाही.

आणि केएसआरचा ‘करून पाहायला उघड’ हा भाग कुणी घेतलाच नाही. जंतुरोधक म्हणून ग्लेझमध्ये घालण्याजोगे धातू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: चांदी, तांबं, जस्त, बिस्मथ. तांब्याने ग्लेझ हिरवं होतं, पांढऱ्या भांड्यासाठी ते बाद. उरलेल्या तिघांच्या जोड्या तीनच. जाणकार तिन्ही करून पाहणार नाही का?

भट्टीघर

करून पाहील, हे मान्य. पण केएसआरमध्ये ‘मोजके पर्याय’ हा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे परिणामाचा अंदाज येणं. तीन जोड्या, प्रत्येकीला चार-पाच प्रमाणं, चांदीची तीन रूपं, थराच्या दोन-तीन जाड्या, थंड होण्याचे दोन वेग. हे गुणून पाहा. त्यात बहुतेक ठिकाणी पिवळं ग्लेझ किंवा मेलेली चांदी मिळणार. वाटा मोजक्या नाहीत, फक्त दारं मोजकी आहेत.

रुंदीबद्दल मात्र काचेरी बरोबर आहेत. चांदी नेहमी मूलद्रव्य म्हणून लिहावी, संयुग म्हणून नाही.

पलीकडून

युरोपीय पेटंट ऑफिसमध्ये हाच दावा कसा दिसेल ते थोडक्यात. तिथे आधी सर्वात जवळचा दस्तऐवज निवडतात. इथे पहिला, चांदीचा. मग फरक काय, त्या फरकाने कोणता तांत्रिक परिणाम झाला, आणि त्यावरून सोडवलेली अडचण कोणती, हे ठरवतात. एकत्रित परिणाम सिद्ध झाला तर अडचण होते ‘कमी चांदीत तेवढाच जंतुरोध’. सिद्ध झाला नाही तर अडचण फक्त ‘आणखी एक जंतुरोधक ग्लेझ’, आणि त्याला जस्त घालणं हे सरळ उत्तर आहे, दावा जातो. जाणकार ते करू शकला असता का, हा प्रश्न तिथे पुरत नाही. त्या अडचणीसाठी त्याने ते केलंच असतं का, असं विचारतात. तिथल्या अपील मंडळाच्या टी २/८३ या निर्णयापासूनची ही पद्धत आहे.

भट्टीघर यांना ही पद्धत अधिक अनुकूल वाटेल, पण परिणाम दाव्याच्या सबंध पट्ट्यात विश्वासार्ह असावा ही अट तिथेही तितकीच कडक. अर्जानंतर केलेल्या प्रयोगांचे आकडे चालतात का, यावर तिथल्या विस्तारित अपील मंडळाचा २०२३चा निर्णय जी २/२१ आहे: केवळ उशिरा आले म्हणून ते बाजूला टाकता येत नाहीत, पण तो परिणाम मूळ अर्जातल्या शिकवणीत सामावलेला आणि त्याच शोधाचा भाग आहे असं जाणकाराला कळायला हवं. अर्जात जस्ताचा उल्लेख फक्त द्रावक म्हणून असेल, तर दोन वर्षांनी चार ग्लेझचा तक्ता आणून उपयोग होणं अवघड.

कलम१०३

मग दावा असा लिहून पाहू. आकडे नमुन्यादाखल आहेत, ज्याच्या हातात प्रयोग आहेत त्याने आपले घालावेत:

“झिर्कॉनयुक्त पांढऱ्या ग्लेझवर ६० ते १२० मायक्रॉनचा वरचा ग्लेझथर असलेलं सिरॅमिक भांडं. वरच्या थरात मूलद्रव्य म्हणून ०.१ ते ०.३ टक्के चांदी आणि ऑक्साइड म्हणून ८ ते १० टक्के जस्त. वरच्या थराच्या पृष्ठभागावर झिंक सिलिकेटचे स्फटिक असून चांदी मुख्यतः आयनरूपात आहे.”

सोबत पद्धतीचा वेगळा दावा: शिखर तापमानानंतर १०५० अंशांवर ३० ते ६० मिनिटं थांबा. पहिल्या दस्तऐवजात दोन थर नाहीत, स्फटिक नाहीत, थांबा नाही. नवेपणाचा प्रश्न मिटतो. दुसरा दस्तऐवज जोडला तरी स्फटिक आणि कमी चांदी यांचा संबंध कुणी ओळखलेला नाही, म्हणजे अँटोनी अर्जदाराच्या बाजूने. वर पेट्रीडिश यांच्या पद्धतीने केलेला तक्ता, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, अमेरिकी नियम १३२ खाली पुरावा म्हणून द्यायच्या प्रतिज्ञापत्रात. १९९५च्या इन री सोनीप्रमाणे मोठी सुधारणा आकड्यांनी दाखवली आणि ती अनपेक्षित आहे असं सांगितलं, तर उलट पुरावा आणायची पाळी परीक्षकावर येते. या रूपात हा दावा मंजूर व्हावा असं माझं मत आहे.

भट्टीघर

कायद्याने टिकेल, पण कारखान्यात निरुपयोगी. आमच्या धंद्यात रेसिपी लिहितात, कारण रेसिपीच तोलता येते. ‘मुख्यतः आयनरूपात’ हे रोज कोण तपासणार? ८ ते १० टक्के जस्तात स्फटिक इतके विरळ असतील की एक्स-रे विवर्तनाच्या एक-दोन टक्क्यांच्या सीमेखाली जातील. एक्सपीएस, म्हणजे एक्स-रेने पृष्ठभागाची रासायनिक तपासणी, वरचे दहा-एक नॅनोमीटरच पाहतं. ग्लेझवर बोट लागलं, साबण लागला, की तो थर बदलला. प्रतिस्पर्धी म्हणेल आमच्यात स्फटिक नाहीत, आणि तुम्हाला उलट सिद्ध करता येणार नाही. शिवाय त्या वरच्या थरात ॲल्युमिना किती, हे दाव्यात नाहीच. ते ठेवलं तर स्फटिक येणार नाहीत, काढलं तर उभ्या भिंतीवरून ग्लेझ ओघळेल.

काचेरी

ही तक्रार मला पटत नाही. उल्लंघन पकडायला सोपं जावं म्हणून दावा रुंद ठेवायचा आणि मग जुन्या ग्लेझवाल्यांनाही त्यात ओढायचं, हा सौदा लोकांच्या खिशातून होतो. ॲल्युमिनाचा आकडा घाला, दावा आणखी अरुंद होऊ द्या. स्फटिक मोजता येत नसतील तर स्फटिकांवर हक्क मागू नये.

पेट्रीडिश

मोजता येईल असं एक आहे: सुटणारी चांदी. ठरावीक क्षेत्रफळाच्या तुकड्यावर ठरावीक शुद्ध पाणी, ३५ अंश, २४ तास, मग त्या पाण्यातली चांदी आयसीपी-एमएस या अतिसूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर मोजायची. पार्ट्स पर बिलियनपर्यंत आकडा मिळतो, आणि तो कारखान्याबाहेरच्या तयार भांड्यावरही काढता येतो. दाव्यात ‘मुख्यतः आयनरूपात’ ऐवजी तो आकडा, खालची आणि वरची सीमा देऊन. त्याआधी तुकडा आम्लाच्या क्लीनरने किती वेळा धुवायचा ते मात्र अर्जातच लिहिलेलं असावं, कारण विलेमाइट असेल तर पहिल्या काही धुण्यांनंतर येणारा आकडा पूर्ण वेगळा असेल.

भट्टीघर

हे चालेल. धुण्याची संख्या आणि आम्लाची तीव्रता दोन्ही लिहा, आणि ॲल्युमिनाची वरची मर्यादाही. रुंदीवर काचेरींशी माझं अजून जुळलेलं नाही.